सिकंदर घरी येतो, पण उशिरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्वातंत्र्यलढा संपवून घरी परतलेल्या सैनिकावरचा 'लेवात जाम मालाम' हा १९५४ सालचा इंडोनेशियन चित्रपट तुम्ही पाहिलात. छायाचित्रण आवडलं. पण नायक सारखा चिडतो, कुठेच टिकत नाही, मध्येच गाण्याबजावण्याची पार्टी लांबते आणि शेवट जुन्या हिंदी चित्रपटासारखा वाटतो. पुढच्या महिन्यात तुमच्या मंडळात तो दाखवायचा आहे. लोकांसमोर काय बोलायचं, आणि त्याचं एवढं नाव का, हे तुम्हाला हवंय.

मी तीस वर्षं फिल्म सोसायटीत चित्रपट दाखवतोय, रसास्वाद शिबिरं घेतोय. हा चित्रपट तीन वेळा दाखवला. पहिल्या वेळी पार फसलो, तेव्हा त्या चुकीपासूनच सुरुवात करतो. मी आधी पाऊण तास इंडोनेशियाचा इतिहास सांगितला. पोर्तुगीज, डच, जपानी, सुकार्नो, सगळं. दिवे मालवले तेव्हा पुढच्या रांगेतले दोघं पेंगत होते. नंतर चर्चेत जो तो म्हणाला, "बिचारा भला माणूस, भ्रष्ट समाजाने त्याचा बळी घेतला." मलाही तेव्हा तसंच वाटत होतं. आता वाटत नाही.

नायक चिडका आहे हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. त्याचा बचाव करत बसू नका. तो चिडका असणं हाच चित्रपटाचा विषय आहे.

आधी नावाबद्दल. 'जाम मालाम' म्हणजे संचारबंदी, शब्दशः रात्रीचे तास. 'लेवात' म्हणजे उलटून गेलेलं. 'संचारबंदीची वेळ टळल्यावर' असं काहीसं. इंटरनेटवर शोधताना एक अडचण येईल: जुन्या इंडोनेशियन स्पेलिंगमध्ये 'ज'साठी डी आणि जे अशी दोन अक्षरं लिहीत, १९७२ला स्पेलिंग सुधारलं तेव्हा नुसता जे राहिला. दोन्ही तऱ्हांनी शोधा, नाहीतर अर्धी माहिती हाती लागत नाही.

नावातला तो 'उलटून गेलेलं' शब्द मात्र लोकांना जरूर सांगा. नायकाला उशीर झालाय. इंडोनेशियाने स्वातंत्र्य जाहीर केलं १७ ऑगस्ट १९४५ला, डचांनी सत्ता सोडली २७ डिसेंबर १९४९ला. मधली चार वर्षं जी पोरं डोंगरात बंदुका घेऊन होती, त्यांच्यातली जी आधी शहरात परतली त्यांनी खुर्च्या, परवाने, धंदे पकडले. आपला गडी पोहोचतो तेव्हा पंगत उठलेली असते.

सुरुवात नीट पाहा. रात्रीचा बांडुंगचा रस्ता, आणि चालणारे पाय. माणूस दिसायच्या आधी पाय दिसतात. संचारबंदी सुरू झालेली, गस्तीवरचे सैनिक हटकतात, हा पळतो, मागून गोळ्या सुटतात. ज्या देशासाठी लढला त्या देशाचं सैन्य पहिल्याच रात्री त्याच्यावर गोळी झाडतंय. कुणी भाषण करत नाही, पार्श्वसंगीत रडत नाही, एक माणूस अंधारात भिंतीला चिकटून दम खातो एवढंच. शेवटही संचारबंदीतच होतो, नायकाच्या वाग्दत्त वधूच्या घराजवळ. तुम्हाला तो शेवट हिंदी चित्रपटासारखा वाटला खरा, पण पहिल्या दृश्याशी जोडून बघा. पहिल्या रात्री चुकलेली गोळी शेवटच्या रात्री लागते. मधे जे घडतं ते त्या दोन गोळ्यांमधलं अंतर आहे.

बांडुंगच का, हे दोन वाक्यांत सांगण्यासारखं आहे, आणि इथे इतिहास उपयोगी पडतो. मार्च १९४६मध्ये ब्रिटिशांनी शहराचा दक्षिण भाग रिकामा करायला सांगितला, तेव्हा तिथल्या लोकांनी आपली घरं स्वतःच पेटवली आणि डोंगराकडे निघून गेले. त्या घटनेला 'बांडुंग लाउतान आपी' म्हणतात, बांडुंग आगीचा समुद्र. पुढे जानेवारी १९५०मध्ये वेस्टरलिंग नावाच्या माजी डच कॅप्टनने याच शहरात बंडाचा प्रयत्न केला. पश्चिम जावाच्या डोंगरात दारुल इस्लामचं, म्हणजे इस्लामी राज्य मागणाऱ्यांचं, बंड तर १९६२पर्यंत चाललं. म्हणजे संचारबंदी ही पटकथाकाराची कल्पना नव्हती. तेव्हाच्या प्रेक्षकाला ती चांगलीच ठाऊक होती.

एक गोष्ट आपल्या लोकांना हमखास जागं करते. १९४५-४६मध्ये जावात ब्रिटिशांच्या नावाने उतरलेलं सैन्य बरंचसं भारतीय होतं: तेविसावी इंडियन डिव्हिजन. सुराबायात ऑक्टोबर १९४५मध्ये जी ४९वी ब्रिगेड अडकली, तिच्यात मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान होते. सातारा-कोल्हापूरकडची पोरं, स्वतःच्या देशाला स्वातंत्र्य मिळायच्या आधी, दुसऱ्याच्या स्वातंत्र्यलढ्यात चुकीच्या बाजूला उभी होती. दुसऱ्यांदा चित्रपट दाखवला तेव्हा हे सांगितलं, आणि मागून एक बाई म्हणाल्या, "आमचे आजोबा जावाला होते. तिकडचं काही बोलायचे नाहीत." पुढचा तासभर हॉलमध्ये कुणी कुजबुजलं नाही.

आता नावांची गंमत. चित्रपट सुरू व्हायच्या आधी ही सांगून टाका, नाहीतर भलत्या ठिकाणी हशा पिकतो. नायक इस्कंदर, म्हणजे आपला सिकंदर. त्याचा युद्धातला वरिष्ठ, आता बडा व्यापारी, त्याचं नाव गुनावान, म्हणजे सरळ सरळ गुणवान. आणि जुगार खेळणारा, बाईच्या जिवावर जगणारा माजी सैनिक म्हणजे पुजा. पहिल्या वेळी पडद्यावर मिशाळ गडी आणि खाली सबटायटलमध्ये 'पुजा', लोक फिसकन हसले आणि चांगला प्रवेश वाया गेला. ही नावं तिकडे सर्रास ठेवतात, लेखकाने कोटी केलीय असा दावा करू नका. पण मराठी कानाला 'गुणवान' जो ऐकू येतो त्याचा फायदा फुकट मिळतोय तर घ्यावा. त्यांच्याकडे राष्ट्रवीराला 'पाहलावान' म्हणतात, तोही आपला पहिलवानच.

इस्कंदरचा शहरातला फेरा म्हणजे भेटींची रांग आहे, आणि तुम्हाला तो विस्कळीत वाटला तो त्यामुळेच. नॉर्मा ही त्याची वाग्दत्त वधू. सुखवस्तू घर, वडिलांची ओळख, त्यांनी गव्हर्नरच्या कचेरीत त्याच्यासाठी नोकरी बघून ठेवलीय. तिथे गेल्या गेल्या सहकाऱ्यांशी खटका उडतो आणि नोकरी त्याच दिवशी संपते. मग गाफार, जुना साथीदार, आता बांधकामाच्या कामात. सगळ्यांत शहाणा माणूस हाच: लढाई संपली, आता विटा रचू. तिथेही इस्कंदरचं जमत नाही. मग गुनावान. मग पुजा, आणि पुजाच्या घरी लैला.

प्रत्येकाने युद्धानंतर जगायची एकेक वाट काढलीय. कुणी फाइल धरलीय, कुणी थापी, कुणी पैसा, कुणी पत्ते. इस्कंदरला कुठलीच वाट धरवत नाही, कारण त्याच्याकडे एक हिशेब बाकी आहे जो इतरांनी मिटवून टाकलाय. या हिशेबावर आलं की चित्रपट खरा सुरू होतो.

लढ्याच्या काळात गुनावानच्या हुकमावरून इस्कंदरने एका कुटुंबाला मारलेलं असतं. शत्रूचे हस्तक, म्हणून. ते त्याच्या डोक्यातून जात नाही. आणि आता त्याला कळतं की ती माणसं निरपराध होती, त्यांच्याकडचा ऐवज गुनावानने घेतला, आणि आजच्या धंद्याचं भांडवल ते आहे. इथवर आला की साधा चित्रपट सोपा रस्ता धरेल: खलनायक सापडला, नायकाने सूड घेतला, टाळ्या. इस्कंदर पिस्तूल घेऊन जातो, गुनावानला गोळी घालतो, हेही घडतं. पण टाळ्या वाजत नाहीत. वाजू नयेत अशीच मांडणी आहे.

कारण तो नेमकं काय करतो ते बघा. पहिल्या वेळी त्याने कुणाच्या तरी शब्दावर, आपण देशासाठी करतोय अशा खात्रीने, चौकशीशिवाय माणसं मारली. दुसऱ्या वेळीही खात्रीनेच, चौकशीशिवायच मारतो. फक्त या वेळी हुकूम देणाऱ्यालाच. ज्या सवयीने त्याला माणूस म्हणून मोडलं, तीच सवय वापरून तो स्वतःला दुरुस्त करायला जातो. हे लक्षात आलं की त्याचा चिडखोरपणा वेगळा दिसायला लागतो. कचेरीतला खटका, प्रत्येक ठिकाणी उठून जाणं, हे स्वाभिमानी माणसाचं वागणं असेलही, पण युद्धाने त्याला एकच कौशल्य शिकवलंय आणि शहरात त्याला गिऱ्हाईक नाही. गिऱ्हाईक एकच भेटतं: गुनावान. त्याला प्रतिस्पर्ध्याला दम भरायला माणूस हवा असतो. इस्कंदर ते काम नाकारतो. आणि थोड्या वेळाने तेच काम, फुकट, गुनावानवरच करतो.

म्हणून 'भला माणूस, वाईट समाज' हे वाचन मला आता पुरत नाही. समाज वाईट आहेच, पण दिग्दर्शक उस्मार इस्माइलने नायकालाही मोकळं सोडलेलं नाही.

गुनावान हा नुसता खलनायकही नाही. एप्रिल १९५०पासून इंडोनेशियन सरकारने बेंतेंग नावाची योजना आणली, बेंतेंग म्हणजे किल्ला. आयातीचे परवाने स्थानिक मूळच्या व्यापाऱ्यांना द्यायचे, म्हणजे डच कंपन्यांची पकड सुटेल. हेतू चांगला. प्रत्यक्षात परवाना ओळखीच्या माणसाला मिळायचा आणि तो धंदा दुसऱ्याला चालवायला द्यायचा. त्या जोड्यांना लोक 'अली-बाबा' म्हणत: परवान्यावर नाव अलीचं, दुकान चिनी वंशाच्या बाबाचं. १९५४च्या प्रेक्षकाला पडद्यावरचा गुनावान ओळखू यायला क्षणभर लागला नसेल. आपल्याकडे परमिट राज ज्यांनी पाहिलंय त्यांनाही लागत नाही.

आता लैला. चर्चेत तिच्यावर कुणी बोलत नाही, आणि माझ्या मते सगळ्या चित्रपटातलं सर्वांत चांगलं काम तिचं आहे. वेश्या आहे, पुजा तिचा दलाल. ती अमेरिकन 'लाइफ' साप्ताहिकातली चित्रं कापून जमवते. घरातल्या वस्तू, छानछोकीचं सामान, जे तिला कधी मिळणार नाही ते. इस्कंदरला ती ही चित्रं दाखवते तेव्हा तिचा चेहरा आणि त्याचा चेहरा दोन्ही बघा. ती चित्रातलं घर मागतेय, तो खऱ्या घरातून उठून आलाय. दाह्लिया या नटीने ते इतक्या हलक्या हाताने केलंय की दया येत नाही, जवळीक वाटते. स्वतंत्र झालेल्या देशात कात्रीने कापलेली स्वप्नं कुठून येतात, हा प्रश्न लेखकाने त्या एका साप्ताहिकात ठेवलाय. कुणी शब्दाने काढत नाही.

नॉर्माच्या घरची पार्टी तुम्हाला लांबली वाटली. लांबतेच, कबूल. इस्कंदर परतल्याचा आनंद म्हणून घरात तरुण मंडळी जमलीयत, नाच, गाणी, चारोळ्या जोडून म्हणायचं 'रासा सायांगे'. ज्याच्यासाठी पार्टी तोच नाही तिथे, किंवा असून नसल्यासारखा. जसजशी गाणी लांबतात तसतसा तो त्या घरातून सुटत जातो. आपल्याकडे लग्नघरात एखादा माणूस मांडवाच्या खांबाला टेकून उभा असतो ना, सगळ्यांच्या मध्ये आणि कुणातच नाही, तसा. नेट्टी हेरावाती बाईंनी नॉर्मा उथळ होऊ दिलेली नाही. तिचं प्रेम खरं आहे, समजून घ्यायची धडपडही खरी आहे. फक्त त्याच्या डोक्यात जी हत्या घोळतेय तिला तिच्या घरात जागा नाही.

हे सगळं करणारी माणसं कोण, हे मोजकंच सांगा. उस्मार इस्माइल हा १९२१ला बुकितिंगीत, पश्चिम सुमात्रात जन्मला. लढ्याच्या काळात स्वतः सैन्यात होता, डचांच्या तुरुंगात जाऊन आला. मार्च १९५०मध्ये त्याने पर्फिनी ही चित्रसंस्था काढली. तिच्या 'दारा दान दोआ' या पहिल्या चित्रपटाचं चित्रीकरण ३० मार्चला सुरू झालं आणि तो दिवस आज तिकडे राष्ट्रीय चित्रपट दिन आहे. त्यातला नायकही असाच, हिमतीचा पण डळमळीत कॅप्टन. पर्फिनीच्याच 'एंबुन'मध्ये, म्हणजे 'दव'मध्ये, लढून परतलेली पोरं गावात रुजू बघतात. म्हणजे घरी परतलेला सैनिक ही या मंडळींची पुन्हा पुन्हा ठणकणारी जागा होती. मधल्या काळात उस्मार अमेरिकेत, लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात चित्रपट शिकून आला, आणि 'लेवात जाम मालाम' त्यानंतरचा. चेहऱ्यावर पडणारा अर्धा उजेड, भिंतीवरच्या सावल्या, हे छायाचित्रकार माक्स तेराचं काम नुसतं अमेरिकन गुन्हेपटांची नक्कल म्हणून बघू नका. संचारबंदीत रस्त्यावर उजेड असतोच कितीसा.

पटकथा अस्रुल सानीची. हा शिक्षणाने पशुवैद्य आणि पिंडाने कवी, स्वातंत्र्याच्या काळातल्या लेखक-कवींना 'पंचेचाळीसची पिढी' म्हणतात त्यातला, कवी खाइरिल अन्वारचा सोबती. संवाद कमी बोलतात ते त्यामुळे असावं.

तुम्हाला 'जुन्या हिंदी चित्रपटासारखं' जे वाटलं त्यात एक खरा धागा आहे. हा चित्रपट पर्फिनीने एकटीने केला नाही, पर्सारी या दुसऱ्या संस्थेबरोबर केला. तिचा मालक जमालुद्दीन मलिक हा बाजार ओळखणारा माणूस. त्या काळी जाकार्ताची चित्रगृहं भारतीय चित्रपटांनी भरलेली असत, आणि पर्सारी त्याच चवीचे चित्रपट काढी. १९५७मध्ये तर तिथल्या निर्मात्यांनी आयात होणाऱ्या, त्यातही आपल्या, चित्रपटांच्या लोंढ्याविरुद्ध स्टुडिओच बंद केले होते. आपण मुंबईहून पाठवलेली गाणी तिथे कुणाच्या तरी पोटावर पाय देत होती, हे आपल्या लोकांना सहसा माहीत नसतं.

१९५५मध्ये पहिला इंडोनेशियन चित्रपट महोत्सव झाला, तो भरवण्यामागे मलिकच होता. 'लेवात जाम मालाम'ला सर्वोत्तम चित्रपटाचा मान मिळाला, पण पर्सारीच्या 'तार्मिना'बरोबर वाटून. दिग्दर्शनाचा मान 'तार्मिना'कडे गेला. कुरबूर झाली, व्हायचीच. नायक झालेला ए. एन. अल्काफ आणि दाह्लिया, दोघांनाही अभिनयाचे पुरस्कार मिळाले, तेही वाटूनच. दाह्लियाचा एकटीचा असायला हवा होता असं मला वाटतं, पण मला कोण विचारतो.

आता कॉपीचं, कारण शेवटी प्रोजेक्टरसमोर उभं तुम्हाला राहायचंय. मूळ निगेटिव्ह जाकार्ताच्या सिनेमातेक इंडोनेशियामध्ये होती आणि तिची दशा वाईट होती. बुरशी लागलेली, फिल्म आंबून शिर्क्यासारखा वास मारायला लागते तो रोग झालेला. सिंगापूरचं नॅशनल म्युझियम आणि मार्टिन स्कॉर्सेसीच्या वर्ल्ड सिनेमा फाउंडेशनने बोलोन्याच्या प्रयोगशाळेत ती दुरुस्त करून घेतली, जिथे निगेटिव्ह गेली होती तिथे प्रिंटवरून भरून काढली, आणि मे २०१२मध्ये कानच्या महोत्सवात ती दाखवली गेली. तुमच्याकडे तीच आहे की कुठून तरी उतरवलेली जुनी प्रत आहे, हे आधी दहा मिनिटं चालवून बघा. जुन्या प्रतीत सुरुवातीचा रस्ता नुसता काळा चिखल दिसतो. पाय दिसलेच नाहीत तर पुढचं सगळं बोलणं व्यर्थ. मी दुसऱ्या खेपेला प्रोजेक्टरचा उजेड वाढवून काम भागवायला गेलो तेव्हा काळं करडं झालं आणि सावल्यांची मजा गेली. हॉलच अंधारा करा, खिडक्यांना जाड कापड लावा.

आधीचं बोलणं पाच मिनिटांत आटपा. संचारबंदी, जावातली मराठा पलटण, तिघांची नावं, एवढंच. हत्येचा भाग अजिबात सांगू नका. नंतर चर्चा 'कसा वाटला' असं विचारून सुरू केलीत तर 'छान', 'संथ' याच्या पुढे जात नाही. मी तिसऱ्या वेळी विचारलं, "इस्कंदरला कचेरीत नोकरी टिकली असती तर त्याने गुनावानला सोडलं असतं का?" पाच-सहा जण एकदम बोलायला लागले. एक निवृत्त सुभेदार होते, ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कचेरीतली पोरं त्याच्याकडे बघून हसली ना, ते बरोबर दाखवलंय. मी कागद घेऊन गेलो होतो तेव्हा टेबलावरच्याने मान वर केली नव्हती. पण मी घरी आलो आणि जेवलो. त्या गड्याला घरी जेवण होतं, ते त्याने खाल्लं नाही." यावर मी काही बोललो नाही, दुसऱ्या कुणाला विचारलं.

चित्रपट एकशे एक मिनिटांचा आहे. साडेसहाला सुरू करा, म्हणजे चर्चेला पाऊण तास मिळेल. हॉलचा वॉचमन नऊला किल्ल्या वाजवत दारात येतो, तो आमच्याकडेही येतो.